तीन वर्षांच्या लेकराला शिकवणारी: सेविका की शिक्षिका?

२०२५ च्या उन्हाळ्यात पहिलीच्या वर्गावरून महाराष्ट्रात केवढा गदारोळ झाला, ते वाचकांना आठवत असेल. १६ एप्रिलला शासन निर्णय आला, पहिलीपासून हिंदी आली, विरोध पेटला, मोर्चाची हाक दिली गेली आणि २९ जूनला सरकारने माघार घेतली. टीव्हीवर रोज चर्चा, व्हॉट्सअ‍ॅपवर रोज नवा मेसेज. पण त्याच शासन निर्णयात शिक्षणाची नवी रचनाही होती: ५+३+३+४. त्यातली पहिली पाच वर्षं म्हणजे पायाभूत स्तर, वय तीन ते आठ. या पाचांतली तीन वर्षं पहिलीच्या आधीची आहेत. बालवाटिका एक, दोन आणि तीन.

म्हणजे सरकारी हिशोबाने मुलाचं शिक्षण आता तिसऱ्या वर्षापासून सुरू होतं. त्या वयात आपल्या लेकराला शिकवणारी बाई कोण, आणि तिला कोणी, किती दिवस शिकवलं, हा प्रश्न त्या सगळ्या गदारोळात कुणाच्या तोंडून फारसा ऐकू आला नाही. आम्ही शिक्षकी पेशातली माणसं आहोत, म्हणून तो आज इथे मांडतो आहोत.

किन्हवलीकडून पाहिलं तर

मुंबईत बसून हा प्रश्न वेगळा दिसतो. तिथे नर्सरीची फी आणि प्रवेशाची रांग हीच चर्चा असते. शहापूर-मुरबाडकडे चित्र निराळं आहे. किन्हवलीसारखं बाजाराचं गाव सोडून शेणवे, डोळखांबच्या बाजूला किंवा पलीकडे सरळगाव, धसई, टोकावड्याच्या बाजूला निघालं की पाड्यापाड्यावर एकच जागा दिसते, ती म्हणजे अंगणवाडी. ठाकर, कातकरी, वारली, कुणबी, आणि ज्या गावांत आपली चार-दहा घरं आहेत तिथे आपलीही मुलं, सगळी याच एका खोलीत येतात. दिवाळीनंतर कातकरी कुटुंबं वीटभट्टीवर जातात, तेव्हा पटावरची काही नावं रिकामी पडतात.

आपल्या मोहल्ल्यांतल्या मुलांची सकाळ-संध्याकाळ आणखी दोन ठिकाणी जाते. एक, बाजाराच्या गावात भाड्याच्या जागेत चालणारी नर्सरी. दोन, मक्तब. तिथे अलिफ-बे सोबत बसायचं कसं, ऐकायचं कसं, हेही मूल शिकतं. आपल्याकडे बिस्मिल्लाहची रस्म चार वर्षं, चार महिने, चार दिवसांनी करायची जुनी रीत आहे. वयाचा एवढा बारीक हिशोब ठेवणाऱ्या समाजाला या वयाचं मोल वेगळं सांगायला नको.

अंगणवाडीच्या ताई, नर्सरीच्या टीचर आणि मक्तबच्या आपा. तिघींच्या हातात तेच मूल आहे. पण त्यांच्यापैकी कुणाची तयारी किती झाली आहे, हे आपण पालक म्हणून विचारत नाही. दहावीच्या गणिताच्या सरांची डिग्री आपल्याला माहीत असते. तीन वर्षांच्या मुलाच्या बाईंची मात्र आपण फक्त एवढीच चौकशी करतो, की "पोरगं रडत नाही ना?"

वयानुसार तयारी लागते, हे कोर्टानेही सांगितलं

११ ऑगस्ट २०२३ रोजी सुप्रीम कोर्टाने एक निकाल दिला. तो राजस्थानच्या प्रकरणातून आला होता, पण त्याचा परिणाम देशभर झाला. बी.एड. झालेला उमेदवार पहिली ते पाचवीच्या वर्गांना शिकवायला पात्र धरता येणार नाही, त्यासाठी डी.एल.एड. लागेल, असा तो निकाल होता. आम्हा बी.एड. वाल्यांमध्ये त्यावर बरीच नाराजी झाली. पण त्यामागचं म्हणणं साधं आहे. मोठ्या मुलांना शिकवायचं कसब आणि लहान मुलांना शिकवायचं कसब एक नाही. लहान मुलांसाठी वेगळं प्रशिक्षण लागतं. पुढे, आधीच नोकरीत असलेल्या बी.एड. शिक्षकांसाठी सहा महिन्यांच्या ब्रिज कोर्सची सोय करावी लागली.

आता हाच न्याय एक पायरी खाली लावून पाहा. सहा वर्षांच्या मुलाला शिकवण्यासाठी पदवीधर बी.एड. माणूसही वेगळ्या प्रशिक्षणाशिवाय चालत नाही. मग तीन वर्षांच्या मुलाला शिकवण्यासाठी काय लागतं?

राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या नियमांत पूर्वप्राथमिक शिक्षणाची पदविका आहे. बारावीनंतर दोन वर्षं. म्हणजे कागदावर देशाने मान्य केलं आहे की हे दोन वर्षं शिकण्याचं काम आहे.

२९ जुलै २०२० रोजी जाहीर झालेल्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने त्याहून छोटी वाट सांगितली. बारावी किंवा त्याहून जास्त शिकलेल्या अंगणवाडी सेविकांना सहा महिन्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम, कमी शिकलेल्यांना एक वर्षाची पदविका. नोकरी सांभाळून करता यावी म्हणून डीटीएच आणि स्मार्टफोनवरून. सोबत महिन्यातून किमान एक प्रत्यक्ष वर्ग, आणि केंद्रस्तरावरून शिक्षण विभागाचं मार्गदर्शन. मुलाच्या मेंदूची ८५ टक्क्यांहून जास्त वाढ सहा वर्षांच्या आत होते, हे वाक्यही त्याच धोरणात आहे.

मग १० मे २०२३ रोजी केंद्राने 'पोषण भी पढाई भी' सुरू केलं. देशातल्या सुमारे तेरा लाख सेविकांना खेळातून शिकवण्याचं प्रशिक्षण द्यायचं, आणि अंगणवाडीत रोज किमान दोन तास पूर्वप्राथमिक शिक्षण व्हायला हवं, असं ठरलं. दिशा अगदी बरोबर आहे. पुढच्या वर्षी तीन ते सहा वयोगटासाठी 'आधारशिला' हा आठवड्यांनुसार आखलेला अभ्यासक्रमही आला. महाराष्ट्रात त्याआधीपासून 'आकार' होताच. पण सेविकांच्या वाट्याला आलेलं हे प्रशिक्षण तीन दिवसांचं होतं.

दोन वर्षं, एक वर्ष, सहा महिने, तीन दिवस. ही उतरंड वाचकांनी एकदा शांतपणे पाहावी. तीन दिवसांच्या शिबिरात माणूस नवं पुस्तक पाहतो, दोन गाणी शिकतो, फोटो काढतो आणि गावी परततो. न बोलणाऱ्या मुलाला बोलतं कसं करायचं, चार आणि सहा वर्षांच्या मुलांना एकाच खोलीत वेगवेगळं काम कसं द्यायचं, एखादं मूल ऐकण्यात किंवा समजण्यात मागे पडतंय हे वेळेत कसं ओळखायचं, हे सरावातून येतं. सराव करताना चुकलं तर सांगणारं कुणीतरी शेजारी लागतं.

शिकलं तरी वापरायला वेळ हवा

समजा, ताईंनी सगळं शिकून घेतलं. ते वापरणार कधी? अंगणवाडीचं काम मोजायला बसलं तर यादी संपत नाही. गरम ताजा आहार, घरी न्यायच्या शिध्याचं वाटप, वजन-उंची, लसीकरणाच्या दिवशी मुलं आणि माता गोळा करणं, गरोदर बायांच्या घरी भेटी. आदिवासी भागात अमृत आहार योजना. त्यात २०२१ पासून पोषण ट्रॅकर अ‍ॅप. १ जुलै २०२५ पासून घरपोच आहारासाठी लाभार्थ्याचा चेहरा मोबाईलवर ओळखून घेणं बंधनकारक झालं. शहापूर-मुरबाडच्या डोंगरपट्ट्यात रेंज नसली की एका चेहऱ्यासाठी किती वेळ जातो, ते तिथल्या लोकांना सांगायला नको. तेवढा वेळ मुलं काय करतात? बसून राहतात.

या बाबतीत तमिळनाडूत झालेला एक अभ्यास फार उपयोगी आहे. ३२० अंगणवाड्या घेतल्या. त्यातल्या काहींना अर्ध्या दिवसासाठी एक जादा बाई दिली आणि तिला फक्त मुलांना शिकवण्याचं काम दिलं. बाकी काही बदललं नाही. शिकवण्याचा वेळ दुप्पट झाला, मुलांचं गणित आणि भाषा सुधारली, आणि जुन्या सेविकेला पोषणाकडे लक्ष द्यायला सवड मिळाल्याने मुलांचं कुपोषणही घटलं. कार्तिक मुरलीधरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा हा अभ्यास आहे. त्यातून आम्ही एवढाच अर्थ घेतो की प्रशिक्षण आणि वेळ ही जोडी आहे. एक देऊन दुसरं काढून घेतलं, तर दोन्ही वाया जातात.

आणि तिसरी गोष्ट, पैसा. अंगणवाडी सेविकेला पगार मिळत नाही, 'मानधन' मिळतं. केंद्राचा आकडा ऑक्टोबर २०१८ पासून महिन्याला ४,५०० रुपये आहे, त्यात राज्य आपली भर घालतं. महाराष्ट्रात डिसेंबर २०२३ मध्ये सेविका आणि मदतनीस संपावर गेल्या. तो संप जानेवारी २०२४ पर्यंत चालला. त्याच वर्षी सप्टेंबरअखेर राज्य मंत्रिमंडळाने सेविकांचं मानधन १०,००० वरून १३,००० आणि मदतनिसांचं ५,५०० वरून ७,५०० केलं. २५ एप्रिल २०२२ रोजी गुजरातच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने सेविका आणि मदतनिसांना ग्रॅच्युइटीचा हक्क मान्य केला होता. म्हणजे एकेक पाऊल पुढे पडतंय. पण आजही सरकार-दरबारी ती 'मानसेवी' आहे. मानसेवी बाईकडून दोन वर्षांच्या पदविकेची अपेक्षा ठेवायची आणि पदविका केली तरी मानधनात फरक पडेल याची खात्री द्यायची नाही, मग ती कशाच्या जोरावर शिकेल?

ही वाट ठाणे जिल्ह्यातच काढली गेली

अनेकांना वाटतं की अंगणवाडी ही दिल्लीची योजना. एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातल्या ३३ प्रकल्पांत सुरू झाली, हे खरं. २ ऑक्टोबर २०२५ ला तिला पन्नास वर्षं पूर्ण झाली. पण अंगणवाडीची कल्पना त्याच्या तीस वर्षं आधी आपल्याच जुन्या ठाणे जिल्ह्यात रुजली होती. १९४५ मध्ये ताराबाई मोडक बोर्डीला आल्या आणि त्यांनी ग्रामीण बालशिक्षणाचं केंद्र सुरू केलं. पुढे १९५७ मध्ये काम डहाणू तालुक्यातल्या कोसबाडच्या टेकडीवर गेलं. हा भाग आज पालघर जिल्ह्यात येतो, कारण १ ऑगस्ट २०१४ ला जिल्ह्याचे दोन तुकडे झाले. पण शहापूर-मुरबाड आणि डहाणू तेव्हा एकाच जिल्ह्याचे तालुके होते.

ताराबाईंसमोरची अडचण आजच्यासारखीच होती. वारली मुलं बालवाडीत येत नव्हती. मग बालवाडीच त्यांच्या अंगणात गेली, म्हणून ती अंगणवाडी. गुरं राखायला जाणाऱ्या मुलांसाठी कुरणात शाळा गेली, ती कुरणशाळा. शिकवायला खडे, पानं, शिंपले, बिया. महागडं साहित्य कुणाच्याच आवाक्यात नव्हतं.

या कामात ताराबाईंच्या सोबत अनुताई वाघ होत्या. तेराव्या वर्षी लग्न, काही महिन्यांतच वैधव्य. त्यानंतर शिक्षिकेचं प्रशिक्षण घेतलं, नोकरी करत रात्रशाळेतून मॅट्रिक केलं, बोर्डीला आल्या, आणि पन्नाशी ओलांडल्यावर पदवी घेतली. १९८५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. शिकणं आणि शिकवणं त्यांनी आयुष्यभर एकत्र चालवलं. त्यांनी नुसत्या बालवाड्या काढल्या नाहीत, बालवाडी चालवणाऱ्या बायांना घडवण्याचं कामही तिथेच केलं. शिकवणाऱ्याच्या शिक्षणाशिवाय बालवाडी चालत नाही, हे त्या दोघींना पुरतं ठाऊक होतं. सरकारने पुढे कल्पना उचलली, नावही उचललं. शिकवणारीला घडवण्याचा भाग मात्र पोषणाच्या आणि नोंदींच्या ओझ्याखाली मागे पडला.

घरची बोली आणि वर्गातली भाषा

आपल्या घरांसाठी आणखी एक मुद्दा महत्त्वाचा आहे. २० ऑक्टोबर २०२२ रोजी आलेल्या पायाभूत स्तराच्या राष्ट्रीय आराखड्यात स्पष्ट म्हटलं आहे की या वयात मुलाला त्याच्या घरच्या भाषेतून शिकवावं. शहापूर-मुरबाडच्या एका अंगणवाडीत घरच्या भाषा किती असू शकतात ते बघा: कातकरी, ठाकरी, कुणबाऊ मराठी, आपल्या घरांतली उर्दू किंवा कोकणी वळणाची बोली. मूल "पानी पीना है" म्हणालं आणि ताईंनी "नीट मराठीत बोल" म्हटलं, तर ते मूल पाणी मागायचंही थांबतं. उलट, ताईंनी त्याचं ऐकून "हो, पाणी पी" म्हटलं, तर दोन भाषा त्याच्या हातात येतात. आम्ही दोन्ही भाषांत शिकलो आणि शिकवतो, म्हणून खात्रीने सांगतो की मुलाला दोन भाषांचा त्रास होत नाही. त्रास होतो तो त्याची एक भाषा गप्प केल्याने. बहुभाषक वर्ग सांभाळणं हे मोठं कसब आहे, आणि प्रशिक्षणात त्याला भरपूर जागा हवी.

राज्याच्या भरतीच्या अटींत एक तरतूद आहे, जी आपल्यातल्या फार थोड्यांना माहीत असते. ज्या अंगणवाडीत निम्म्याहून जास्त मुलं मराठीखेरीज दुसरी भाषा बोलणारी असतील, तिथे मराठीसोबत ती भाषा येणाऱ्या उमेदवाराची अट असते. उर्दू येणाऱ्या आपल्या बारावी पास मुलींनी जाहिरात निघेल तेव्हा हे बघावं.

आपण काय करू शकतो

सरकारकडे मागायच्या गोष्टी चार आहेत. सहा महिने आणि एक वर्षाचे अभ्यासक्रम प्रत्येक सेविकेपर्यंत प्रत्यक्ष वर्गासह पोचावेत. ते पूर्ण करणाऱ्या बाईच्या मानधनात फरक पडावा. मुलांचे दोन तास अ‍ॅप आणि नोंदींपासून राखून ठेवावेत. आणि केंद्रप्रमुखाने महिन्यातून एकदा तरी अंगणवाडीत बसून, रजिस्टर न मागता, फक्त शिकवणं बघावं. जवळच्या शाळेतल्या पहिलीच्या शिक्षकांनी आणि सेविकेने वर्षातून दोन-तीनदा एकत्र बसायला कुठल्या शासन निर्णयाचीही गरज नाही.

आपल्या घरांनी करायचंही बरंच आहे.

पहिलं, विचारा. अंगणवाडीच्या पालक सभेला अम्मीला एकटं पाठवू नका, अब्बांनीही जावं. ताईंना मानाने विचारा: तुमचं प्रशिक्षण कधी झालं, प्रमाणपत्राचा अभ्यासक्रम झाला का, काय अडतंय? नर्सरीत फी भरताना हाच प्रश्न विचारा. बाईंची पूर्वप्राथमिकची पदविका झाली आहे का? विचारणारे पालक असतील तरच नर्सरीवाले प्रशिक्षित बाई ठेवतील आणि तिला बरा पगार देतील.

दुसरं, मुलींना या पेशात मानाने जाऊ द्या. "बारावी झाली, आता घरी बसून काय करणार, नर्सरीत जा," असं म्हणून पाठवणं वेगळं, आणि "आधी कोर्स कर, मग शिकव" असं म्हणणं वेगळं. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाची बालसंगोपन व शिक्षणाची पदविका बारावीनंतर घरी राहून करता येते, किमान कालावधी एक वर्ष. कल्याणला रोज जाणं परवडत नाही, शहापूर किंवा मुरबाडहून संध्याकाळची एसटी चुकली तर घरचे काळजी करतात, अशा मुलींसाठी ही वाट आहे. अंगणवाडी सेविका आणि मदतनीस, दोन्ही पदांसाठी आता किमान बारावी लागते. उमेदवार स्थानिक असावी लागते आणि वय १८ ते ३५. पुढेही वाट बंद नाही. केंद्राच्या सूचनांनुसार सेविकांच्या निम्म्या जागा पाच वर्षांच्या अनुभवाच्या मदतनिसांमधून, आणि पर्यवेक्षिकांच्या निम्म्या जागा पाच वर्षांच्या अनुभवाच्या सेविकांमधून भरायच्या असतात, बाकीची पात्रता पूर्ण असली तर. म्हणून पदवी सोडू नका, म्हणावं.

तिसरं, मक्तबकडेही याच नजरेने बघा. आपांना लहान मुलांच्या वयाची, खेळाची, बोलण्याची ओळख करून देणारं दोन-चार दिवसांचं वर्कशॉप जमातीला सहज ठेवता येईल. चार-पाच गावांच्या जमाती मिळून खर्च वाटून घेऊ शकतात. सुट्टीतले बी.एड., डी.एल.एड. शिक्षक आपल्याच घरांत आहेत. त्यांना बोलवा, आम्हालाही बोलवा.

चौथं, वस्तीत अंगणवाडीच नसेल तर मागा. १३ डिसेंबर २००६ च्या आदेशात सुप्रीम कोर्टाने म्हटलं आहे की ज्या वस्तीत सहा वर्षांखालची किमान ४० मुलं आहेत आणि अंगणवाडी नाही, तिथे मागणी केल्यापासून तीन महिन्यांच्या आत ती द्यावी. मुलांची नावं आणि जन्मतारखा लिहून, ग्रामसभेचा ठराव जोडून बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांकडे अर्ज द्या आणि पोच घ्या. शेजारच्या पाड्यावरची मुलं धरून चाळीस होत असतील तर त्यांनाही सोबत घ्या. अंगणवाडी सगळ्यांची असते.

आणि शेवटी एक छोटी गोष्ट, जिला पैसा लागत नाही. 'सेविका' हा शब्द सरकारी कागदावर राहू दे, तो बदलायला वेळ लागेल. घरात मात्र मुलासमोर "खिचडीवाली बाई" म्हणणं आजपासून बंद करूया. ती आपल्या लेकराची पहिली उस्ताद आहे. त्याला घेऊन जाताना तिला सलाम किंवा नमस्कार करा, तिचं नाव घ्या, आणि आज काय शिकवलं ते विचारा. रोज विचारणारं कुणी असेल, तर शिकवणारीलाही शिकत राहावंसं वाटतं.